सोलापूर, उमरगा आणि आमची नात

मुलगा नोकरीला सोलापुरात, सूनबाई उमरग्यात, आणि दहावीतली नात नळदुर्गला आमच्याकडे. का, तर हे गाव मधोमध पडतं. हायवेवर असल्यामुळे दोघांनाही शनिवारी एसटीनं येता येतं.

परवा सूर्यास्ताआधीची जेवणं उरकून ती 'निर्देशक भूमिती' घेऊन बसली होती. मध्यबिंदूचं सूत्र पाठ, पण गणितात वजाबाकी करत होती. अंतराच्या सूत्रात वजाबाकी असते ना, तिथेच मुलं घसरतात. मी कॉमर्सवाली. म्हटलं, सरासरी साठा कसा काढतो? सुरुवातीचा शिल्लक माल अधिक अखेरचा, भागिले दोन. हेही तेच, फक्त दोनदा. एक्सची सरासरी वेगळी, वायची वेगळी.

मग तिनेच मोबाइलवर आकडे काढले. रेखांश एक्स, अक्षांश वाय. सोलापूर (75.91, 17.66), उमरगा (76.62, 17.84). आधी मुद्दाम वजाबाकी करायला लावली. उत्तर आलं (0.355, 0.09). नकाशात पाहिलं तर आफ्रिकेजवळ, अटलांटिक महासागरात! खूप हसली. आता काही ती वजाबाकी करायची नाही. बेरीज केल्यावर आलं (76.265, 17.75). पृथ्वी गोल असली तरी एवढ्याशा अंतरात हे सूत्र चालून जातं.

नळदुर्ग मात्र (76.29, 17.82). म्हणजे खरा मध्यबिंदू आपल्या दक्षिणेला, आठेक किलोमीटरवर. तिचं हसू जरा मावळलं. "म्हणजे आपण मधोमध नाहीच?" अंतराचं सूत्रही लावून पाहिलं. सरळ रेषेत सोलापूर सुमारे 44 किलोमीटर, उमरगा 35.

"आई जवळ आहे," एवढंच बोलली. वडिलांचं नाव काढलं नाही. पोर रोज रात्री दोघांनाही फोन करते, अगदी मोजून सारखा वेळ. ते मला ठाऊक आहे.

थोड्या वेळानं वही पुन्हा ओढली. मध्यबिंदू आणि एक टोक दिलं की दुसरं टोक काढायचं, असं गणित परीक्षेत येतंच. मध्यबिंदूची दुप्पट, वजा माहीत असलेलं टोक. नळदुर्ग मध्यबिंदू धरला, सोलापूर एक टोक. उत्तर (76.67, 17.98). उमरग्याच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटर.

"आजी, आईला इथे बदली मिळेल का गं?" असं म्हणून तिथे कुठलं गाव आहे ते मोबाइलवर शोधायला लागली.