काशींत असतां घराची राखण

पूर्वीं काशीयात्रेस निघणारा गृहस्थ घराची किल्ली शेजाऱ्यांच्या स्वाधीन करी व निश्चिंत मनानें गाडींत बसे. गेल्या कार्तिकांत आम्हीं पुणें सोडलें तें मात्र राखणीचा भार यंत्रांवर टाकून. दारावर कॅमेरा; फळीस लोहचुंबक व चौकटीस त्याची चाहूल घेणारी डबी, दोहोंत अंतर पडतांच मोबाइलवर वर्दी यावयाची; शिवाय दिवाणखान्यांतील दिवा सांजवेळीं आपोआप लागावयाचा.

अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलेल्या विश्वेश्वराच्या मंदिरांत जातांना मोबाइल बाहेर ठेवावा लागला. दर्शन घेऊन परतलों, तों कॅमेऱ्याचें चित्र नाहींसें झालेलें! सायंकाळीं दशाश्वमेध घाटावर आरतीचे दीप उजळले, गंगेचें पात्र झळाळूं लागलें. आमची दृष्टि मात्र हातांतील काळ्या कांचेवर. अखेरीस शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, दुपारपासून वीज गेली आहे. तुमच्या अंगणांतल्या तुळशीला पाणी घातलें, कुलूपहि पाहिलें. स्वस्थपणें यात्रा करा.” तेव्हां कोठें आम्हीं गंगा पाहिली!

यंत्रें टाकाऊ नव्हेत. कॅमेरा व राउटर वीज गेली तरी बॅटरीवर चालतील अशी सोय करावी; चित्रण कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डावरहि राहूं द्यावें; मूळचा पासवर्ड बदलावा. परंतु निघतांना शेजारीं जाऊन ‘येतों’ म्हणावयास विसरूं नये. आम्ही विसरलों होतों. परतल्यावर गंगोदकाचा पहिला गडू काकूंच्या देवघरांत नेऊन ठेविला.