मरियमचा पंजा

आमच्या नगरच्या घरात एका पत्र्याच्या डब्यात मरियमचा पंजा जपून ठेवलेला असायचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही वाळवंटात उगवणारी एक लहानशी वनस्पती. वाळली की तिच्या फांद्या मुठीसारख्या आवळल्या जातात आणि पाण्यात ठेवली की हळूहळू उघडतात. हजला गेलेले लोक येताना ती घेऊन यायचे. घरात बाई अडली की वाडग्यात पाणी घेऊन त्यात हा पंजा ठेवायचा. तो उघडेल तशी तिची सुटका होईल, अशी जुन्या बायकांची समजूत. नाव अर्थातच बीबी मरियमवरून, म्हणजे हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या आईवरून.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी हा पंजा शेवटचा बाहेर निघाला. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, दाई घाबरलेली. अब्बांनी शेजारचं दार वाजवलं. तिथं एक ख्रिस्ती नर्स राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. त्या तशाच उठून आल्या. अम्मी नंतर सांगायची की त्यांनी ते वाडगं बघून विचारलं, हे काय आहे? नाव कळल्यावर त्यांनी ते बाजूला सारलं नाही. अम्मीला दिसेल असं उशाजवळ ठेवलं आणि आपल्या कामाला लागल्या. पहाटे मुलगी झाली. तिचं नाव मरियम ठेवलं.

तेव्हापासून दर नाताळला त्यांच्याकडून करंज्या आणि केकचं ताट यायचं आणि अम्मी संध्याकाळी खजूर घेऊन त्यांच्याकडे जायची. खजूरच का, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे मी कॉलेजात गेलो. 1992 नंतरचे ते दिवस होते. आपण कोण, हे तेव्हा रोज कुणीतरी आम्हाला विचारत होतं, आणि उत्तर शोधताना मी जरा जास्तच कडक झालो होतो. एका वर्षी मी अम्मीला सांगितलं की नाताळला त्यांच्याकडे जायचं नाही. ते येशूला देवाचा पुत्र मानतात, तो दिवस साजरा करणं म्हणजे शिर्कला हात लावणं. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकलेल्या मुलापुढे ती गप्प बसली आणि गेली नाही. त्याच वर्षी सिस्टरबाईंचे यजमान वारले होते. त्यांच्या दारावर दरवर्षी लागणारी कागदी चांदणी त्या रात्री लागली नव्हती. ते मला दिसलं होतं. तरी मी अम्मीला जा म्हणालो नाही.

त्यानंतरच्या रमजानमध्ये मी पहिल्यांदा कुरआन अर्थासह वाचायला घेतला. तोवर अरबी अक्षरं ओठांना पाठ होती, एवढंच. एकोणिसाव्या सूरहपाशी आलो, सूरह मरियम. कुरआनात स्वतःच्या नावाने उल्लेख झालेली ही एकमेव स्त्री, आणि तिच्या नावाची अख्खी सूरह. तिथली मरियम चित्रातल्यासारखी शांत बसलेली नाही. ती माणसांपासून दूर, एकटी आहे. कळा सुरू होतात तेव्हा आधाराला फक्त एक खजुराचं झाड आहे. ती म्हणते, याआधीच मेले असते, विसरून गेलेली असते, तर बरं झालं असतं. अल्लाहने निवडलेली बाई हे बोलते आणि अल्लाह तिचं बोलणं कुरआनात ठेवतो. तिला कुणी सबुरीवर प्रवचन देत नाही. दुःख करू नकोस, एवढं सांगितलं जातं. मग पायाशी पाण्याचा झरा दिला जातो आणि खोड हलव म्हणजे पिकलेले खजूर पडतील, असं सांगितलं जातं. खा, पी आणि डोळे निवव.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. अम्मी खजूर का न्यायची ते मला तेव्हा कळलं. ही सूरह तिने कुठल्यातरी बाईच्या तोंडून ऐकली असणार. मी जे शिकून आलो होतो त्याच्या कितीतरी पुढे ती आधीच होती.

नंतर मी लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथाही वाचली. तिथं खजुराचं झाड नाही, पण एकटेपण तेच. उतरायच्या जागी खोली मिळत नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावं लागतं. पहिली बातमी राजाला किंवा पुरोहिताला जात नाही, रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना जाते. मंदिरात अर्पण करायला या आईबापाकडे कोकरू नसतं. गरिबाला चालणाऱ्या पाखरांच्या जोडीवर ते भागवतात. मत्तयच्या कथेत तर राजा मुलांच्या जिवावर उठतो आणि या कुटुंबाला रातोरात मिसरकडे पळावं लागतं.

ख्रिस्ती माणसाला यात जे दिसतं ते मला माझ्या समजुतीप्रमाणे असं वाटतं: देव माणसाकडे आला, आणि येताना त्याने राजवाडा निवडला नाही, गोठा निवडला. मी मुसलमान आहे. देव देह धारण करतो हे मी मानत नाही. माझ्यासाठी हजरत ईसा पैगंबर आहेत, अल्लाहचा शब्द आहेत, कुमारी मातेच्या पोटी झालेला चमत्कार आहेत, पण पुत्र नाहीत. हा फरक लहान नाही आणि तो पुसून शेजारधर्म होतो असंही मला वाटत नाही. पण अल्लाहची नजर पहिल्यांदा कुणाकडे जाते, हे दोन्ही कथा एकच सांगतात. ज्याला जागा नाही, ज्याच्या चारित्र्याकडे लोक बोट दाखवतात, ज्याला रात्रीत घर सोडावं लागतं, त्याच्याकडे.

फरक न लपवता जवळ कसं राहावं, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा पैगंबरांनी (स.) काही साथीदारांना हबशाला पाठवलं, कारण तिथला ख्रिस्ती राजा न्यायी होता. कुरैशांची माणसं त्यांना परत न्यायला आली. दरबारात हजरत अलींचे भाऊ जाफर यांनी सूरह मरियमची सुरुवात वाचून दाखवली. सीरतच्या ग्रंथांत येतं की नजाशीची दाढी आसवांनी भिजली. दुसऱ्या दिवशी ईसांबद्दल तुम्ही काय मानता, असं विचारलं गेलं. जीव वाचवण्यासाठी जाफर गोलमाल बोलू शकले असते. त्यांनी कुरआनात आहे तेच सांगितलं. राजाने त्यांना हाकललं नाही, आसरा दिला.

दुसऱ्या बाजूचीही एक आठवण आहे. नाताळात घरोघरी आणि चर्चमध्ये जो गोठ्याचा देखावा मांडतात, त्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसपाशी जाते. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी गव्हाण, बैल आणि गाढव आणून जन्मकथा लोकांसमोर उभी केली. त्याच्या चार वर्षं आधी, 1219 मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना हेच फ्रान्सिस मिसरमध्ये सुलतान अल-कामिलला भेटायला शत्रूच्या छावणीत गेले होते. दोघांपैकी कुणीही आपला धर्म सोडला नाही. सुलतानाने त्यांना सुखरूप परत पाठवलं.

बेथलेहेममध्ये ज्या चर्चखालच्या गुहेत हा जन्म झाला असं मानतात, तिथं शिरायचं दार जेमतेम चार फूट उंच आहे. कुणीही असो, वाकूनच आत जावं लागतं. चौकाच्या पलीकडे हजरत उमर यांच्या नावाची मशीद आहे. 2023 च्या नाताळात त्या गावाने रोषणाई केली नाही. तिथल्या एका चर्चमध्ये बाळाची मूर्ती गव्हाणीऐवजी सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवली होती, कारण गाझातली मुलं तशाच ढिगाऱ्याखाली होती. नाताळाचा अर्थ मला त्या देखाव्याइतका कुठल्याच शुभेच्छापत्रातून कळला नाही.

माझ्या चुकीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. पुढच्या नाताळला अम्मीच्या आधी मीच खजूर घेऊन गेलो. गेल्या वर्षी का आलो नाही, याची माफी मागायची होती. शब्द सुचले नाहीत. सिस्टरबाई म्हणाल्या, "बस रे, केक संपला, करंजी खा." मग त्यांनी मरियमच्या अभ्यासाची चौकशी केली. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. म्हणूनच तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या एका रात्रीची भरपाई नंतरच्या कुठल्याही नाताळने झालेली नाही.

आता डिसेंबर आला की मोबाईलवर संदेश फिरू लागतात: शुभेच्छा देणं जायज की नाजायज? परवा माझ्या मुलानेही तेच विचारलं. मी त्याला फतवा दिला नाही, तो माझा अधिकार नाही. सूरह मरियम अर्थासह वाच, एवढंच सांगितलं. मग गल्लीत कुणाच्या दारावर या वर्षी चांदणी लागलेली नाही ते बघून ये, आणि तिथं आधी जा.