ताणाची मात्रा

पाचेक वर्षांपूर्वी एका आईला मी दिलेला सल्ला मला अजून सलतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, फरीदाबादच्या एनआयटी (न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप) भागातला, आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आधी तो रात्र-रात्र जागू लागला. मग शेजारच्या गच्चीवरची माणसं आपल्याविषयीच बोलतात म्हणाला. एका पहाटे त्यानं घरातले सगळे बल्ब फोडले. घरच्यांना वाटलं, ‘ऊपरी हवा’ लागली, भूतबाधा झाली. त्यांनी त्याला राजस्थानात मेहंदीपूर बालाजीच्या मंदिरात नेलं. आमच्या ओपीडीत तो पोचला तेव्हा चार महिने उलटले होते. औषधं सुरू झाल्यावर दीड महिन्यात त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. आईनं हात जोडून विचारलं, “मॅडमजी, अब क्या करें?”

मी म्हटलं, “बस, इसे कोई टेन्शन मत देना.”

तिनं ते वर्षभर अक्षरशः पाळलं. त्याला दूध आणायला पाठवलं नाही, मावसबहिणीच्या लग्नाला नेलं नाही. वडिलांनी आयटीआयचं नाव काढलं नाही. मुलाचं जग म्हणजे पलंग, पंखा आणि मोबाइल. औषधानं भूक वाढली, वजन बारा किलोंनी चढलं. वर्षाअखेरीस माझ्या केसपेपरवर ‘लक्षणे नाहीत’ असा शेरा होता आणि समोर बसलेल्या मुलाकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मानसिक आजार आणि ताण यांचं नातं आम्हा डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच शिकवलं जातं. झुबिन आणि स्प्रिंग या दोघा संशोधकांनी 1977 मध्ये मांडलं, की प्रत्येक माणसात कमीजास्त नाजूकपणा असतो. ताण त्या नाजूकपणाच्या उंबरठ्यापलीकडे गेला की आजार उसळतो. आम्ही डॉक्टरांनी यातला सोयीचा अर्धाच भाग उचलला: ताण कमी करा. उंबरठा वर उचलता येतो, हा दुसरा भाग मागे पडला. औषधानं तो वर जातो, शांत झोपेनं जातो, आणि जमेल एवढा ताण पेलून दाखवल्यानंही जातो. प्लास्टर काढल्यावर हाडाला भार हळूहळू द्यावा लागतो, हे कोणत्याही मराठी घरातल्या आजीला ठाऊक असतं. मनाच्या बाबतीत मात्र आपण प्लास्टर काढायलाच तयार नसतो.

त्यात एक गोष्ट मला माहीत असूनही मी विसरले होते. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढे त्यांनी कुटुंबातल्या ज्या गोष्टी मोजल्या, त्यांत सततची टीका होती, वैरभाव होता, आणि जिवापाड, श्वास कोंडवणारी काळजीही होती. म्हणजे मी त्या आईला ताण काढून टाकायला सांगितलं, आणि ती स्वतःच मुलावरचा ताण होऊन बसली. तिचा दोष नव्हता. तिला तिकडे मीच ढकललं होतं.

याच विषयावर आपल्याकडचं कामही मोलाचं आहे. डॉ. विग आणि लंडनच्या डॉ. लेफ यांच्या गटाचे चंडीगढमधले निष्कर्ष 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. टीका किंवा अतिकाळजी करणारी घरं तिथं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेच्या नऊ देशांच्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होतं, आणि तिथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगले सावरल्याचं दिसलं. त्या निष्कर्षावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. आमच्या दारावरून जाणारा मथुरा रोड थेट आग्र्याला पोचतो, पण ‘आपली कुटुंबपद्धती सगळं सांभाळून घेते’ असं म्हणण्याचं धाडस मला इथं होत नाही. फाळणीत सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 पासून वसवलेलं हे नवं फरीदाबाद पुढे कारखान्यांचं झालं, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या लोकांनी भरलं. इथं एका खोलीत पाच माणसं राहतात, वडील पाळीवर जातात, काका गावाकडे असतात. एकत्र कुटुंबातला भार दहा खांद्यांवर वाटला जायचा. इथं तो एकट्या आईवर येतो. दहा माणसांच्या घरात कुणी मुलाकडे चोवीस तास टक लावून बसत नाही. हे मोकळेपणही औषधासारखं काम करत असावं, असं मला वाटतं.

आता आयुष्याच्या दर्जाविषयी. तो मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती घडवताना दिल्ली हे एक केंद्र होतं, त्यामुळे तिचं हिंदी रूप आमच्या हाताशी आहे. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग. आवाज ऐकू येतात का, असा प्रश्नच तिच्यात नाही. झोप, पैसे, मित्र, ये-जा, विरंगुळा यांविषयी विचारलं जातं. सायकोसिसच्या (भास-भ्रमांच्या आजाराच्या) पहिल्या झटक्यातून सावरणाऱ्या तरुणांचे आकडे वारंवार हेच दाखवतात, की उरलेल्या भासांपेक्षा उदासी आणि आटलेली उमेद आयुष्याला जास्त पोखरते. आजार ओसरल्यानंतरची पहिली काही वर्षं आत्महत्येच्या दृष्टीनंही जोखमीची असतात. आपण काय होतो आणि काय झालो, हे तेव्हाच स्पष्ट दिसू लागतं. म्हणून घरच्यांनी ‘आता बरा झालाय’ म्हणून नजर काढून घेऊ नये. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 या टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

ही प्रश्नावली मी त्या मुलापुढे ठेवली. नात्यांच्या भागाशी तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “पहले आवाज़ें आती थीं. अब मैं कमरे में आता हूँ, तो सब चुप हो जाते हैं.”

त्या दिवसापासून आम्ही ताण परत द्यायला सुरुवात केली, मोजून. पहिला महिना सकाळी दूध आणणं, एवढंच. दुसऱ्या महिन्यात मुजेसरहून मेट्रोनं बाटा चौकापर्यंत, एकच स्टेशन, आधी भावाबरोबर आणि मग एकट्यानं. पहिल्यांदा एकटा गेला तेव्हा गर्दी पाहून फलाटावरूनच परतला. तो आठवडा पुन्हा दुधाचाच. “दवाई ली?” हा प्रश्न घरात दिवसातून पाच-सहा वेळा विचारला जायचा. ठरलं, की तो एकानंच विचारायचा, एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर. मी गोळीची मात्रा कमी केली आणि वेळ रात्री लवकर नेली, कारण सकाळी डोकं जड असलं तर सहाच्या पाळीचं कोणतंही काम या शहरात मिळत नाही. फिरती रात्रपाळी मात्र आम्ही ठाम टाळली. झोप मोडणं ही बऱ्याचदा आजार पुन्हा उलटण्याची पहिली खूण असते, आणि तिथं मी तडजोड करत नाही.

दीड वर्षानं तो एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. दोन रात्री झोप नाही. आई म्हणाली, काम सोड. संध्याकाळी फोन आला, त्याचा स्वतःचा: “मॅडमजी, नींद नहीं आ रही. काम नहीं छोड़ना है. मम्मी को समझा दो.”

झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी वाढवली, दोन दिवसांची सुट्टी घ्यायला सांगितली. आईशी अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात सर्वांत अवघड काम तिच्या वाट्याला आलं: काही न करण्याचं. बुधवारी सकाळी तो डबा घेऊन निघाला. तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. एक वाजेपर्यंत फोन केला नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं. एकला केला. त्यानं उचलला, मशीनच्या खडखडाटात काहीतरी ओरडून सांगितलं, आणि ठेवून दिला.