धूळ हुबळीची, पाऊस धारवाडचा

हुबळी आणि धारवाड यांत अंतर जेमतेम वीस किलोमीटरांचे, आणि १९६२ साली दोहोंची महानगरपालिकाही एकच झाली. पण दोहोंची हवा एक नव्हे. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेले. आषाढ-श्रावणात तेथे झिमझिम सुरू झाली की दिवसेंदिवस वाळवण दोरीवरच राहते. हुबळीचे तोंड पूर्वेकडील काळ्या जमिनीकडे. तेथे पाऊस त्या मानाने कमी, आणि उन्हाळ्यात धूळ मात्र उदंड. संसार करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. परंतु ज्या वाहनास सरकत्या खिडक्या आहेत, त्यास या दोन्ही हवांशी एकदमच गाठ घालावी लागते, आणि अशा वाहनांशी या जोडगावाचा संबंध शंभरावर वर्षांचा आहे.

सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली. तिची मुख्य कचेरी धारवाडास होती. पुढे त्याच वास्तूत कर्नाटक कॉलेज आले. डबे व इंजिने दुरुस्त करण्याचा कारखाना मात्र हुबळीस उभा राहिला. १९०८ मध्ये कंपनीच्या नावाआधी मद्रास लागले, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य, आणि २००३ मध्ये नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालयच हुबळीस आले. पाटी चार वेळा बदलली, पण कारखाना आपल्या जागी राहिला.

आपल्यापैकी अनेक घरांच्या आठवणी या रुळांशी बांधलेल्या आहेत. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला, आणि इकडची वाट १९९० नंतरच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली. त्यामुळे माहेरी निघालेल्या सुनेला, लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला मिरजेस गाडी बदलणे चुकत नसे. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि पोरेबाळे सांभाळून जागा धरली, की पहिला हात जाई तो खिडकीकडे. ती वर सरकली तर प्रवास सुखाचा. अडून बसली तर शेजारच्या सहप्रवाशाला हाक मारावयाची.

त्या जुन्या डब्यांच्या खिडकीस दोन झडपा असत. एक तावदानाची, आणि दुसरी लाकडी पट्ट्यांची, जिच्यातून वारा येई पण ऊन येत नसे. दोन्ही झडपा चौकटीतल्या उभ्या खाचांतून वरखाली सरकत. रचना साधी, परंतु तिचे मर्म खालच्या उंबऱ्यात असते. कोणतीही सरकती खिडकी पूर्णपणे जलाभेद्य नसते. सरकावयास जागा ठेवली की पाण्यालाही वाट मिळतेच. म्हणून शहाणा कारागीर पाणी मुळीच येऊ नये असा हट्ट धरीत नाही. आलेले पाणी निघून जावे अशी सोय करतो. त्यासाठी खालच्या खाचेला बारीक छिद्रे असतात. ती बुजली की पाणी आतल्या बाजूस मुरू लागते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे काटकसरीची नसून नाशाची होते. पोलादी डब्यांचे पत्रे ज्या जागी हमखास गंजतात, त्यांत खिडकीखालचा भाग असतो, तो यामुळेच.

हुबळी स्थानकाच्या गदग रस्त्याकडील बाजूस २०२० च्या ऑगस्टपासून रेल्वेचे संग्रहालय उघडले आहे. पाहुणे आले म्हणजे त्यांना सिद्धारूढ मठ आणि उणकल तलाव दाखविण्याचा आपला रिवाज. त्यात या संग्रहालयाची भर घालण्यासारखी आहे. तिकडून परतताना कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध सुतार-मिस्त्रींशी बोलणे झाले. जुन्या डब्यांचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, “गाडी चालती होती, तोवर खिडक्या प्रवाशांनीच राखल्या, साहेब. दर स्टेशनास कुणीतरी उघडायचे, कुणीतरी लावायचे. खाच आपोआप साफ राहायची. उभ्या गाडीची खिडकी कोण उघडतो?”

या बोलण्यात मोठे तथ्य आहे. चालत्या वाहनाची डागडुजी होत असते, कारण अडचण झाली की कोणीतरी ओरडते. विश्रांतीला ठेवलेले वाहन गुपचूप कुजते. हे केवळ रेल्वेच्या डब्यांस लागू नाही. म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात १८९९ सालचा महाराणींचा सलून-डबा आहे. स्वयंपाकघरासह चाकांवर चालणारे ते घरच. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बांधलेल्या घरगाड्या हौशी मंडळी आजही सांभाळून आहेत, आणि त्यांनाही सरकत्या खिडक्यांची हीच चिंता आहे. आपल्याकडेही जुनी मिनीबस घेऊन तीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करणारी, आणि तीतून गाणगापूर-पंढरपूर करणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. अशांसाठी मिस्त्रींनी सांगितलेल्या चार गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट, खाचेत तेल घालू नये. तेलाने दोन दिवस खिडकी लोण्यासारखी सरकते. मग त्यात हुबळीची काळी धूळ बसून असे काही वंगण तयार होते, की काच हलता हलत नाही. आधी कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी, नंतर ओल्या फडक्याने पुसावे, आणि खाच पूर्ण वाळल्यावर लाकडी झडप असल्यास तिच्या कडांवरून मेणबत्ती फिरवावी. दुसरी, पाण्याची छिद्रे मृगापूर्वी तारेने मोकळी करावीत आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. तिसरी गोष्ट बसच्या आडव्या सरकणाऱ्या काचांची. त्यांच्या खाचेत लोकरी नमद्याची पट्टी असते. ती झिजली की काच खडखडते, आणि भिजून राहिली की अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी येते. पट्टी स्वस्त असते, ती वेळीच बदलावी. चौकटीस साधे लोखंडी स्क्रू मारू नयेत, कारण ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की एकाचा बळी जातो. चौथी, रबराच्या पट्टीस रॉकेल वा खनिज तेल लावू नये. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, शंखजिऱ्याची पूड चोळावी. उन्हाने कडक होऊन तडकलेली पट्टी कोणत्याही उपायाने मऊ होत नाही. ती काढलेलीच बरी.

मिस्त्रींना या साऱ्यास विशेष विद्या वाटत नव्हती. “आठवड्यातून एकदा खिडकी उघडा आणि लावा, बाकीचे ती स्वतःच सांगते,” एवढेच त्यांचे सार होते.

हुबळी-धारवाडच्या रस्त्यावर आता ‘चिगरी’ नावाच्या वातानुकूलित बसगाड्या धावतात. त्यांच्या काचा बंद, त्यामुळे आत ना धूळ येते ना पाऊस. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बंद काचेला राखणारे हात लागत नाहीत. त्यामुळे सरकती खिडकी कशी राखावी, हे जाणणारी माणसेही हळूहळू कमी होत जाणार. अशी माणसे आपल्या दोन्ही गावांत, रेल्वेच्या वसाहतींत आणि बसच्या आगारांभोवती अजून आहेत. कोणाच्या घरी जुनी गाडी उभी असेल, तर यंदा रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी अशा एखाद्या जाणत्यास बोलवावे, आणि तो काम करीत असता घरातल्या मुलांना शेजारी उभे करावे. चहा पाजून मिळणारे हे शिक्षण पुढे पैसे टाकूनही मिळेलच, असे सांगता येत नाही.