जड आणि हळू

मराठीतील ‘जड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वजनदार, दुसरा अचेतन, म्हणजे ‘चेतन’च्या विरुद्ध टोकाचा. वर्गात आपण दुसरा अर्थ शिकवतो आणि घरी पहिला उचलतो. विद्यार्थी जेव्हा ‘ज्ञानेश्वरी जड जाते’ अशी तक्रार करतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दोन्ही अर्थांची सरमिसळ झालेली असते. या शब्दाचा विरुद्धार्थी म्हणून ‘हलका’ हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे बरोबर ठरवत आलो. तो शब्द मुळात काय सांगतो, हे मात्र आम्हांला एका लोखंडी कपाटाच्या निमित्ताने उमगले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आईंच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि घरी आल्यावर त्यांची खाट न्हाणीघराला लागून असलेल्या मधल्या खोलीतच हवी असे ठरले. या वयात खुबा मोडल्यावर माणूस पूर्वीसारखा चालू लागेलच असे नसते, हे डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले होते. मधल्या खोलीत खाटेच्या नेमक्या जागी दोन दारांचे ते कपाट उभे होते. ते बाहेरच्या खोलीत न्यायचे, एवढेच काम. आईंनी रुग्णालयातून एकच निरोप धाडला : ‘‘कपाट कुठंही न्या, फरशीवर ओरखडा पडता कामा नये.’’

ती फरशी म्हणजे जुन्या घरांतून दिसणारी नक्षीची सिमेंटची फरशी. १९२२ साली मुंबईत ‘भारत टाइल्स’ सुरू झाली आणि अशी फरशी स्वदेशीच्या अभिमानाने घरोघर पोचली. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, त्यावर साध्या सिमेंटचा थर देतात, यंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरू देतात. तिच्यावर काचेसारखा लेप नसतो. नक्षी हेच तिचे अंग. त्यामुळे ओरखडा उठतो तो थेट नक्षीत, आणि वरून काही फासून तो झाकता येत नाही. आईंनी ही फरशी पन्नास वर्षे गुडघ्यांवर बसून पुसली होती. आता त्या गुडघ्यांवर बसू शकणार नव्हत्या. त्यांचा निरोप हट्टाचा वाटला तरी त्यामागे काय होते, ते आम्हांला कळत होते.

मदतीला बाजारातून एक हमालकाका आले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, साठीच्या घरातले. आम्ही बाह्या सरसावून कपाटाला खांदा लावणार, तोच ते म्हणाले, ‘‘सर, ढकलायचं न्हाई. चालवायचं.’’ मग त्यांनी आधी कपाट रिकामे करवले, दारांना कुलूप घालून वर दोरी आवळली, आणि आमच्या हाती केरसुणी दिली. फरशीला ओरखडे पाडते ते वजन नव्हे; वजनाखाली सापडलेला वाळूचा कण. वाळूतील गारेचा कण लोखंडाहूनही कठीण असतो, हे आम्ही शाळेत वाचले होते. त्यांना ते तळहातांनी ठाऊक होते. फरशी झाडून झाली, ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली. मग कपाट एका बाजूला जरासे कलते करून दोन पायांखाली जुन्या गोधडीची घडी सरकवली, नंतर दुसऱ्या दोन पायांखाली. दोघांनी गोधडीची टोके धरून ओढायचे, तिसऱ्याने मागून खालच्या अंगाला हात लावायचा. वर हात लावला तर कपाट पुढे कलंडते. पहिला हिसका जड गेला, कारण थांबलेली वस्तू हलवताना लागणारा जोर हलत्या वस्तूला लागणाऱ्या जोरापेक्षा अधिक असतो. एकदा गती मिळाल्यावर काका दर हातभर अंतरावर एकच शब्द बोलत राहिले : ‘‘हळू... हळू...’’

त्या रात्री त्या शब्दाने आम्हांला झोपू दिले नाही. ‘हळू’ आणि ‘हलका’ ही एकाच घरातली भावंडे. संस्कृत ‘लघुक’चे प्राकृतात ‘लहुअ’ होते आणि मग ल आणि ह यांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात हे रूप नोंदवले आहे. वर्णविपर्ययाचे उदाहरण म्हणून आम्ही ते फळ्यावर कितीदा लिहिले असेल! म्हणजे ‘हळू’ हा मुळात वेगाचा शब्दच नव्हे. तो वजनाचा आहे. ‘हळू’ म्हणणारा केवळ ‘सावकाश’ म्हणत नाही; ‘तुझा भार खालच्यावर पडू देऊ नकोस’ असे म्हणतो. महाराष्ट्रात १९६९ साली ज्यांच्यासाठी कायदा झाला त्या माथाडी कामगारांच्या नावातच माथा आहे, पण त्यांची विद्या पुष्कळदा पायांखाली काय आहे हे पाहण्याची असते.

चार दिवसांनी आई घरी आल्या. रुग्णवाहिकेतल्या दोघा मुलांनी त्यांना हातांनी उचलले नाही. अंगाखालच्या चादरीच्या कडा गुंडाळून घट्ट धरल्या आणि चादरीसकट त्यांना खाटेवर सरकवले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आई कण्हत म्हणाल्या, ‘‘हळू रे बाळांनो.’’ वेदना थोडी ओसरल्यावर त्यांनी मान वळवली आणि दारापासून खाटेपर्यंतची फरशी एकेक चौकोन करीत नजरेने तपासली. काही बोलल्या नाहीत.

आता त्या वॉकर घेऊन त्याच फरशीवरून दिवसातून दोनदा चालतात. वॉकरच्या पायांना रबरी टोप्या आहेत, त्यांचा डाग पडत नाही. तरीही चालण्याआधी त्या आम्हांला केर काढायला लावतात.