पत्ता नसलेली पावडर

चाकणच्या कंपनीत माझं काम क्वालिटीचं. एखादा बोल्ट खराब निघाला, तरी बॅच नंबरवरून सप्लायर शोधून काढतो. मग घरी आलेल्या नव्या धुण्याच्या पावडरीचा बनवणारा का सापडू नये? कपडे धुणाऱ्या मावशींचे हात सोलवटले होते, आणि पाकिटावर नुसतं झकास नाव!

वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. घटकांची सक्ती मात्र त्यात नाही. स्वस्त पावडर बहुधा अ‍ॅसिड स्लरी आणि धुण्याच्या सोड्याची. सोडा जास्त, तर हातांची आग. किती जास्त, हे विचारायलाच पत्ता लागतो ना, बॉस!

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवलीय. तोवर मावशींसाठी पत्ता असलेली पावडर आणलीय.