बांधी सुटल्यानंतर

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. येथील कष्टकऱ्याला निवृत्तीचे वय कोणी ठरवून दिलेले नाही. अंगात बळ आहे तोवर माणूस बांधीत उतरतो, पाठ वाकेनाशी झाली की वरवरची कामे पाहतो आणि तेही जमेनासे झाले की ओसरीवर येऊन बसतो. त्या बसण्याविषयी आम्हांला काही सांगायचे आहे. कारण बांधी सुटते तेव्हा केवळ कष्ट सुटत नाहीत.

रोवणीच्या दिवसांत बायका चिखलात ओळीने उभ्या राहून, मागे मागे सरकत पऱ्हे रोवतात. एकीचा हात मंदावला की ओळ वाकडी होते, म्हणून प्रत्येकीचे लक्ष शेजारणीवर. मध्येच कोणी गाणे उचलते, पुढचे कडवे दुसरीने आठवून द्यायचे असते. अंगाचा तोल, हाताची लय, शब्दांचे स्मरण, थट्टा, कुणाच्या लेकीची सोयरीक, सारे एकाच वेळी चाललेले. यांतला व्यायाम कोणता, संगत कोणती आणि बुद्धीचे काम कोणते, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. झाडीपट्टीतल्या पुरुषांसाठी हेच काम दंडारीने केले.

यावरून कोणी शेतमजुरीचे गोडवे गाऊ नयेत. त्याच चिखलाने कित्येकींच्या कमरा आणि गुडघे खाल्ले आहेत. आमचा मुद्दा इतकाच, की शरीर थकून माघारी येते तेव्हा त्याच्यासोबत माणसेही सुटतात आणि मनाचे कामही सुटते.

वैद्यकशास्त्रही आता या गोष्टी एकत्र पाहू लागले आहे. अमेरिकेतील १२० वृद्धांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले. ते सारे दूर करता आले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांत हा विकार टाळता वा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत शरीराची निष्क्रियता आहे, तसे माणसांपासून तुटलेपणही आहे. उपचाराविना राहिलेला बहिरेपणा आणि अधू दृष्टीही आहे.

आमच्या आईचे उदाहरण देतो. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी तिला नागपुरास आणले. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे ती रोज सकाळी इमारतीभोवती फेऱ्या मारी. साखर आटोक्यात राहिली, पाय मजबूत राहिले, पण बोलणे आटत गेले. एकच प्रश्न दिवसातून अनेकदा येऊ लागला. तपासणीत ऐकू कमी येते असे निघाले, म्हणून कानाचे यंत्र घेतले. तेव्हा ध्यानात आले, की ऐकू आले तरी दुपारभर तिच्याशी बोलायला घरात कोणीच नसते.

आता ती वर्षातले बरेच महिने साकोलीकडच्या आमच्या गावी, धाकट्या भावाकडे राहते. विस्मरण गेलेले नाही आणि ते जाईल अशी आशा डॉक्टरांनीही दाखवलेली नाही. आजचा वार तिला सांगता येत नाही. पण शेजारच्या मावशीसोबत ती तलावाच्या पाळीपर्यंत चालत जाते, येताना तीन घरी थांबते आणि कोणाच्या बांधीची रोवणी राहिली आहे हे आम्हांला फोनवर सांगते.

गावही अर्थात पूर्वीचे राहिलेले नाही. यंत्रांनी कष्ट वाचवले, ते बरेच झाले. तरुण नागपूर-पुण्याकडे गेले आणि कित्येक ओसऱ्यांवर एकेकटे म्हातारे उरले. त्यांना औषधाच्या गोळ्या आणि ‘रोज चालत जा’ हा सल्ला मिळतो. कोणाबरोबर आणि कशासाठी चालायचे, हे कोणी सांगत नाही.

वृद्धांना मान द्यायचा म्हणजे त्यांच्या हातचे काम काढून घ्यायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. दिवाळीनंतर मंडईत दंडार उभी राहते तेव्हा जुन्या जाणत्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. त्यांना महिनाभर आधी तालमीला बोलवावे, विसरत चाललेल्या चाली विचाराव्यात, पोरांचे पाय चुकले तर उठून दाखवायला सांगावे. खुर्चीपेक्षा हा मान त्यांना अधिक मानवेल.